दुखणे पाहुण्यांना सांगायचे नसते

प्रारंभीच क्षमा मागतो. आयुष्यभर कचेरीत बसून मी इतरांच्या सहीसाठी मसुदे तयार केले. स्वतःच्या जबाबदारीवर पानभर मजकूर लिहिण्याचा प्रसंग आला नाही, आणि आला असता तर तो मी शिताफीने टाळला असता. शिक्षण बरे झाले, वाचनही पुष्कळ केले. पण वाचणाऱ्याने लिहिलेच पाहिजे असा काही नियम नाही, या समजुतीत निवृत्तीनंतरची वर्षेही सुखाने गेली. शिवाय ज्या विषयाला हात घालतो आहे तो डॉक्टरांचा. माझे त्यातले ज्ञान एका खाटेशेजारी बसून मिळवलेले, म्हणजे खाटेएवढेच. तरीही धिटाई करतो, कारण काही माणसांचे आभार मानायचे राहून गेले आहेत आणि समोर उभे राहून आभार मानणे मला कधी साधले नाही.

माझी बहीण माझ्याहून मोठी. आमचे घर पुसदचे, दोन पिढ्यांपासून नोकरीपेशातले. तिला मात्र आर्णीच्या पलीकडे एका खेड्यात, कापूस-तूर पिकवणाऱ्या घरी दिले. लग्नानंतर वर्षभरातच तिची भाषा बदलली. मी एकदा तिला तसे बोलून दाखवले, तेव्हा ती हसून म्हणाली, "बाबू, सारं घर मले-तुले करून राह्यलं. मी एकटी मला-तुला करून कोणाशी बोलू?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तिला स्तनाचा कर्करोग झाला. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, बरे वाटले. आणि मग तो आजार पाठीच्या मणक्यात उतरला. मोठ्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहून सौजन्याने सांगितले की आता करण्यासारखे फारसे काही नाही, घरी न्या. मी नुकताच निवृत्त झालो होतो. तिला घेऊन खेड्यात आलो आणि तिथेच राहिलो.

ती वर्षे आमच्या जिल्ह्याला वाईट गेली. बोंडे अळीने पोखरलेली, भावाचा भरवसा नाही, आणि वर्तमानपत्रांत जिल्ह्याचे नाव येई ते एकाच कारणाने. ते कारण वाचकांना ठाऊक आहे. भाऊजींचे, म्हणजे तिच्या यजमानांचे, घर तुरीच्या आणि दुभत्याच्या आधाराने तगून होते. परंतु त्यांनीही मनाशी ठरवले होते की हे कपाशीचे शेवटचे वर्ष, पुढच्या वर्षी सोयाबीन. मागल्या वर्षीचा कापूस भाव येईल या आशेने मधल्या खोलीत रचलेला होता, आणि भाव काही आला नव्हता. त्या खोलीतून जाताना अंगाला खाज सुटत असे.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल ओवाळून झाले, तेव्हा ताई खाटेवरून म्हणाली, "औंदाची सीतादही मीच करीन. वावरात बसून करीन."

सीतादही म्हणजे कापूस वेचायला लागण्यापूर्वीची पूजा. घरची बाई शेतातल्या एका चांगल्या झाडाच्या बुंध्याशी खडे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते. कापूस दह्यासारखा पांढरा निघावा अशी त्यामागची इच्छा. मग वेचणाऱ्या बायका ओटी खोचतात. ताईने ही पूजा सून आल्यावरही सोडलेली नव्हती.

भाऊजी म्हणाले, "तुले उठून पाणी पेता येत नाई अन् वावरात जाऊन बसशीन?"

"तुमी कपाशी सोडून राह्यले, मी तुमाले सोडून राह्यली. शेवटची आहे ना दोघाईचीबी? मंग करू द्या."

भाऊजींकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. त्या दिवशी ते बैलाच्या शिंगावरचा रंग बोटाने उगाच पुसत राहिल्याचे मला आठवते.

पूजा दिवाळीच्या सुमाराला होणार होती. ती भुईवर बसूनच करायची असते. आणि ताईला बसणेच अशक्य झाले होते.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळले की जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयाचे लहानसे पथक असे रुग्ण घरी जाऊन पाहते. मी फोन केला. पलीकडचे डॉक्टर तरुण असावेत. ते म्हणाले, "याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा करणं आमच्या हातात नाही. पण दुखणं कमी करणं, झोप लागणं, घरच्यांना धीर देणं, हे पुष्कळसं हातात असतं." नागपूरला 'करण्यासारखे फारसे काही नाही' हे शब्द ऐकल्यापासून मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते हेच, हे मला ते ऐकल्यावर समजले.

त्यांची पांढरी जीप गावात आली तो प्रसंग सांगितलाच पाहिजे. पारावर थांबून त्यांनी भाऊजींचे नाव घेऊन घर विचारले. त्या दिवसांत पांढरी गाडी येऊन एखाद्या शेतकऱ्याचे घर विचारते, याचा गावाला एकच अर्थ ठाऊक होता: आत्महत्येचा पंचनामा. जीप अंगणात पोहोचण्याआधी निम्मी आळी पोहोचली. दोन बायांनी तर ओसरीवर बसून डोळ्यांना पदर लावला. मी काही समजावून सांगायच्या आत भाऊजी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन शेतातून आले आणि गर्दी पाहून ओरडले, "काय झालं बे? कोण गेलं?"

शेवटी शेजारचे म्हातारबा खाली मान घालून म्हणाले, "आमाले वाटलं, तू."

भाऊजींनी पंप खाली ठेवला. "मंग आले तसे चहा घेऊन जा. पुन्हा कायले चक्कर मारता?"

गर्दी हसली; हसताना काहीजण रडलेही. डॉक्टर हात जोडून तसेच उभे होते. आतून ताईच्या हसण्याचा आवाज आला आणि मध्येच तुटला, कारण हसले की तिच्या पाठीतून कळ जाई.

पण दारात पाहुणे आले होते. मी आत गेलो तेव्हा ती सुनेचा हात धरून उठून बसलेली होती आणि धुतलेले लुगडे मागत होती.

पुढे प्रत्येक भेटीला तसेच घडू लागले. पथक येणार असे कळले की ताई वेणी घालून घेई, कुंकू लावी, भिंतीला टेकून ताठ बसे. सुनेला चिवडा काढायला लावी. डॉक्टर विचारीत, "कसं आहे आई?" ती म्हणे, "बरं आहे. तुमचं कसं आहे? रस्ता लय खराब आहे ना?" दुखणे दहापैकी किती, असे त्यांच्याबरोबरच्या सिस्टर विचारीत. सिस्टर मध्यम वयाच्या, शांत बाई होत्या. ताई जरा विचार करून म्हणे, "दोन समजा." जणू कोणी भाजीचा आग्रह करत होते आणि तिला थोडीशीच वाढून हवी होती. ते तिच्या शब्दावर विश्वास ठेवीत. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण 'दोन'ला पुरेल एवढ्याच.

आणि जीप नाल्यापलीकडे गेली की ती भिंतीवरून घसरत खाली येई आणि पदर दातांत धरी.

तिने आम्हा सगळ्यांना बजावून ठेवले होते, "पाहुण्यायपुढं माझं गाऱ्हाणं गायचं नाई." त्या घरची रीतच तशी होती. एवढ्या लांबून, असल्या रस्त्याने, आपल्यासाठी कोणी आले, तर त्याच्यापुढे चहा ठेवायचा. दुखणे ठेवायचे नाही. ताईने ही रीत सासरी येऊन उचलली आणि सासरच्यांपेक्षा कडक पाळली.

शेवटी बोलले ते भाऊजी. पथक निघण्याच्या बेतात असताना ते दारातून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमी इथंच राहायले या. तुमी असले का हिचं दुखणं पयून जाते. गाडी गेली का वापस येते."

डॉक्टर हसले. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ही तुमच्यासाठी सजते. माझा जलम गेला, माझ्यासाठी कधी अशी सजली नाई."

"बाप्पा! काही लाज आहे का तुमाले?" ताई कडाडली. "पाहुणे आहेत ना ते!"

सिस्टरांनी हातातला कप खाली ठेवला, ताईकडे पाहिले, आणि त्या जीपकडे निघाल्या.

दोनेक दिवसांनी त्या एकट्याच आल्या. जीप नाही, एसटीने. आणि पुढच्या दाराने नव्हे, गोठ्याकडून, स्वयंपाकघराच्या दाराने. ताई विस्कटलेल्या केसांनी कुशीवर पडली होती, चेहरा जसा होता तसा होता. तिने उठायची धडपड केली. सिस्टर खाटेजवळ जमिनीवरच बसल्या.

"उठू नका. मी पाहुणी म्हणून नाही आले."

"मंग कोण म्हणून?"

"दुखलं-खुपलं तर रडता कोणाजवळ?"

ताई म्हणाली, "माहेरी."

"माहेरचं कोण आहे?"

तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवले. "हा आहे. पण याच्याजवळ काय रडू? हा माझ्याआधी सुरू होते."

हे खरे होते.

"मग मी माहेरची," सिस्टर म्हणाल्या. "माझं गावही पुसदजवळचंच. आता चहाचं नाव काढलं तर उठून जाईन."

कोपऱ्यात सोलायला ठेवलेल्या लसणाचे सूप पडलेले होते. ते त्यांनी ओढून घेतले आणि पाकळ्या सोलायला लागल्या. एक शब्द विचारला नाही. मीही बसून सोलू लागलो, कारण हातांना काहीतरी काम हवे होते. सुपात पाकळ्या पडत राहिल्या. बऱ्याच वेळाने ताई छताकडे पाहत बोलू लागली. कमरेत कोणी पहार घालून हलवावी तसे होते. कूस बदलायची म्हटली की आधी घाम फुटतो. परसाकडे जायला सुनेच्या गळ्यात हात टाकावा लागतो, आणि त्या पोरीचे खांदे भरून आलेले दिसतात, त्याचे वेगळेच दुखते. मग ती म्हणाली, "मराचं भेव नाई मले. ओरडत मराचं भेव आहे. गावानं आइकलं तर?"

सिस्टरांनी लसूण खाली ठेवला आणि तिचा हात धरला. "आता दहापैकी किती सांगाल?"

"आठ," ताई म्हणाली. आणि मग, माहेरी बोलावे तसे, "नऊ."

सिस्टरांनी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. गोळ्यांची मात्रा वाढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले आणि तेही गोठ्याकडूनच आले. तेव्हापासून त्यांची जीप पुढच्या अंगणात कधी उभी राहिली नाही. ती बैलांशेजारी उभी राही.

त्या दिवशी डॉक्टर आम्हा सर्वांना घेऊन बसले. गावात कोणीतरी सांगितले होते की ही गोळी म्हणजे शेवटची तयारी, आणि भाऊजींच्या मनात ते रुतले होते. डॉक्टरांनी सांगितले की ही गोळी मरण जवळ आणत नाही. योग्य मात्रेत, ठरल्या वेळी दिली तर ती दुखणे आवरते. दुखणे उसळेपर्यंत वाट पाहायची नाही. घड्याळ पाहून द्यायची. तिच्याने पोट साफ होत नाही म्हणून सोबतचे औषध चुकवायचे नाही. पहिले दोनतीन दिवस गुंगी येईल, घाबरायचे नाही. आजार आमच्याच्याने बरा होणार नाही, हेही त्यांनी ताईसमोर स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "ते मले नागपूरलाच समजलं होतं. या साऱ्यायले वाटते मले माहीत नाई." आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिच्यापासून जे लपवण्यात आमची शक्ती चालली होती, ते ती आमच्यापासून लपवत होती.

निघताना डॉक्टरांनी भाऊजींना विचारले, "तुम्हाला झोप लागते का?"

बैलांना पाणी पाजायचे आहे, असे म्हणून ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बैलांना पाणी मी स्वतः थोड्या वेळापूर्वीच पाजले होते. त्यांना असे कोणी विचारले, याबद्दल मी त्या डॉक्टरांचा आजही ऋणी आहे.

ताई सांगितल्याप्रमाणे झोपून राहिली. शेजारणी येऊन पाहून गेल्या आणि दवाईने झोपवून टाकली असे कुजबुजल्या. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तिचा खणखणीत आवाज आला, "काय वं, वरणात मीठ टाकलं का नाई? वासावरून समजून राह्यलं मले!" सून पळी हातात घेऊन उभी राहिली. सासूची बोलणी ऐकून इतकी आनंदलेली सून मी पाहिली नव्हती. हसतच तिने डोळे पुसले.

दिवाळी जवळ आली, बोंडे फुटली. सीतादहीचा दिवस ठरला. सिस्टरांना त्या दिवशी फुलसावंगीकडे दुसऱ्या एका रुग्णाकडे जाणे भाग होते. त्यांनी मला समजावून दिले की निघण्याच्या अर्धा तास आधी जास्तीची गोळी कोणती द्यायची आणि शेतात कळ आलीच तर काय करायचे. "तुम्हाला येईल," असे त्या म्हणाल्या. मला आजवर असे फार जणांनी म्हटलेले नाही.

प्रश्न राहिला नेण्याचा. शेतापर्यंत पांदण, पांदणीत खड्डे, आणि ताईच्या मणक्याला एक धक्काही पुरे. खाट उचलून न्यावी असे मी सुचवले, तर ती म्हणाली, "चौघाईनं उचलून मंग न्याच आहे ना मले? आता बैलबंडीनंच जाईन."

भाऊजी मधल्या खोलीत गेले आणि साठवलेला कापूस कवेत भरभरून बंडीत टाकू लागले.

माझा भाचा घाबरला. "बाबा, कापूस खराब होईन ना!"

"होऊ दे. व्यापाऱ्यानं कुठं हात लावला त्याले?"

बंडी काठोकाठ भरली. वर जुने चवाळे अंथरून आम्ही ताईला अलगद उतरवले. ती त्या मऊ ढिगात अर्धी बुडाली आणि म्हणाली, "चला, औंदाच्या कापसाले एक गिऱ्हाईक तरी भेटलं." भाचा बैलांपुढे चालत होता, मी आणि भाऊजी दोन बाजूंनी चाकांवर लक्ष ठेवून. खड्डा आला की बंडी कलायची, कापूस दबायचा आणि पुन्हा फुगायचा. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती आभाळाकडे पाहत होती.

वावरात वेचणाऱ्या बायका थांबल्या होत्या. ताईला झाडाशी बसवले. तिने सुनेचा हात बाजूला केला आणि ती भुईवर, कशालाही न टेकता बसली. भाऊजी तिच्या मागे जाऊन एका झाडाची बोंडे तपासू लागले. त्यांचे गुडघे तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होते आणि ती झाडावरची बोंडे त्यांनी फार वेळ तपासली. तिने खडे मांडले, हळदकुंकू वाहिले. दहीभात ठेवला, चारी बाजूंना शिंपडला. एक फुटलेले बोंड तिने तोडले, कापूस अलगद काढून खड्यांवर ठेवला आणि सुनेला म्हणाली, "पाह्यलं ना? असं करायचं. कपाशी नसली तं सोयाबीनले करजो. सीतामायले काय फरक पडते?"

बायका वेचायला लागल्या. आम्ही तिला उचलायला पुढे झालो, तर तिने हात वर केला. बसल्या जागेवरून जेवढी बोंडे हाताला येत होती तेवढा कापूस तिने स्वतः वेचून ओटीत घेतला. त्यानंतर मग चला म्हणाली.

थंडी पडायला लागल्यावर ती गेली. सकाळची वेळ होती, सून तिच्या पायांना तेल चोळत होती. श्वास लांब लांब होत गेला आणि थांबला. गावाने काहीही ऐकले नाही. शेजारच्यांना आम्हाला जाऊन सांगावे लागले.

त्या वर्षांत आमच्या भागात किती घरांतली माणसे निरोप न घेता गेली. आमच्या घरातले माणूस सांगून, बोलून, पूजा उरकून, सुनेला दोन गोष्टी शिकवून गेले. हे भाग्य आमच्यापर्यंत एका जीपने आणले. ती जीप दुसऱ्या कोणाकडे आधी गेली असती तर काय झाले असते, हा विचार मी करू लागलो की मला त्या रस्त्याचे, त्या चालकाचे, त्या एसटीचेसुद्धा आभार मानावेसे वाटतात.

दहाव्यानंतर सिस्टर आल्या, मागच्या दाराने. त्यांचे काम तर संपले होते, तरी आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही कसे आहात?"

"बरा आहे," मी म्हणालो. "तुम्हाला येताना त्रास नाही ना झाला?"

त्या जमिनीवरच बसल्या. कोपऱ्यातले लसणाचे सूप ओढले, माझ्यापुढे अर्धे सरकवले आणि त्या सोलत बसून राहिल्या. त्या दिवशी मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याचे धैर्य माझ्यात नाही. मात्र हा मजकूर लिहिण्याचे धैर्य तिथूनच आले.

वाचकांना उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. एक विचारतो, आणि थांबतो. तुमच्या घरात आज कोणी दुखणे सोसत असेल, तर ते माणूस कोणाजवळ खरे बोलते?